बालवाडीनं परत पाठवलेला टँकर

जीप गावात शिरून मारुतीच्या पाराकडं वळायला लागली, तसा मी धावत जाऊन तिच्या आडवा उभा राहिलो. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. धुरळ्यात आतलं कुणी दिसत नव्हतं. तरी मी हात जोडून म्हणालो, "साहेब, आधी शाळा. पोरं ताटकळलीत."

पाराजवळ सरपंच मन्मथप्पा नारळ घेऊन उभे होते. त्यांच्यामागं बायांनी रिकाम्या घागरींची रांग लावलेली. मन्मथप्पांनी मला हातानं खुणावलं, गुरजी, सरका. मी सरकलो नाही. जीप शाळेकडं वळवूनच दम घेतला.

त्या जीपमध्ये दोन साहेब होते. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. ऑफिसं नवी, खुर्च्या नव्या, पण जीप मोजक्याच. त्यामुळं दोन खात्यांचे साहेब एका जीपमध्ये बसायचे आणि वाटेत आपापली कामं उरकायचे. एक होते शिक्षण खात्याचे. ते माझा नमुना पाठ बघायला आले होते. नमुना पाठ, म्हणजे साहेबी भाषेत मॉडेल लेसन. मास्तरानं वर्ग घ्यायचा आणि साहेबांनी मान डोलवायची. दुसरे होते टंचाईचे साहेब. गावात पाणी खरंच नाही ना, हे डोळ्यांनी बघून टँकर द्यायचा की नाही ते त्यांनी ठरवायचं.

पावसानं सलग दगा दिला होता. हातपंप घागरभर पाणी द्यायचा आणि पुढं नुसता खोकायचा. शिरूर अनंतपाळच्या अलीकडचं ते लहानसं गाव टँकरसाठी अर्ज करकरून थकलं होतं, आणि आता कुठं पाहणी लागली होती. आधी विहीर आणि मग शाळा, असं ठरलेलं. पण मी हिशेब केला की विहिरीवर साहेब उन्हानं तापणार, घोटभर चहा घेऊन परत फिरणार, मग माझ्या पाठाकडं कोण बघणार? म्हणून जीप अडवली. मी त्या वयात स्वतःला फार हुशार समजायचो.

मी पुरुषमाणूस बालवाडीत कसा, तेही सांगतो. बालवाडीच्या बाई नवऱ्याच्या बदलीमुळं देगलूरला निघून गेल्या आणि शाळेत सगळ्यात नवा मीच होतो. शेंबूड पुसणं, नाडी बांधणं, रडणाऱ्याला कडेवर घेणं, सगळं माझ्याकडं आलं. हातपंपावरच्या बाया मला 'बालवाडीच्या बाई' म्हणायच्या, आणि तेही मला ऐकू जाईल अशा बेतानं. हेडमास्तर सय्यद गुरुजी समजूत घालायचे, "मनावर घेऊ नको, भाई. तू मुळाक्षरं पक्की करून दिलास तर मला पहिलीत जरा डोळा लावता येतो."

मलाही काहीतरी करून दाखवायची खाज होतीच. लातूरला एक ट्रेनिंग झालं, तिथं पाण्यानं गिरवायची पद्धत शिकलो. लहान पोराला पाटीवरची पेन्सिल दिली की ते ती मुठीत आवळतं, पाटीवर सगळा जोर काढतं आणि मोडतं. त्यापेक्षा पोरानं बोटाचं टोक ओलं करायचं आणि काळ्या फरशीवर अक्षर काढायचं. आधी उभी रेघ, आडवी रेघ, अर्धा गोल. ते जमलं की ग, म, न. तिघांनाही एक उभा दंड आणि थोडं वळण, म्हणून ती सोपी. अ पहिला म्हणतात, पण काढायला अवघड, त्याला मागून घ्यायचं. ओल्या बोटाला जोर लागत नाही आणि चुकलेलं आपोआप वाळून जातं. पद्धत नामी आहे. आजही मी तिच्या बाजूनं भांडेन. एका वाटीभर पाण्यात अख्खा वर्ग गिरवतो.

पण साहेबांसमोर एकच वाटी म्हणजे दारिद्र्य दिसणार. मी फर्मान काढलं. रोज प्रत्येकानं घरून तांब्याभर पाणी आणि एक पितळी वाटी आणायची. तांब्या चिंचेनं घासलेला पाहिजे. शाळेत शहाबादी फरशी होती. ती ओली असली की काळीशार होऊन आरशासारखी चमकते आणि तिच्यावर अक्षर उठून दिसतं. म्हणून पाठाआधी मला फरशी धुवायची होती.

आयांनी पाणी दिलं. माझ्या खोलीच्या शेजारी चंद्रकला राहायची, तिची पोरगी इंदू माझ्या वर्गात. चंद्रकलानं सकाळी तांब्या आणून ठेवला आणि म्हणाली, "गुरजी, हे फडक्यानं गाळलेलं हाय बरं का. साहेबापुढं गढूळ दिसाय नको."

मी म्हणालो, "शाब्बास." जणू तीही बालवाडीतच होती.

दुसरी तयारी तोंडाची. आमच्याकडं होकार द्यायला 'हाव' म्हणतात. साहेबांपुढं 'हाव' म्हणजे मला गावंढळपणा वाटला. म्हणून आठवडाभर 'होय साहेब' घोकून घेतलं. साहेबांनी काही विचारलं की सगळ्यांनी एका सुरात, छाती पुढं काढून म्हणायचं.

इंदूनं विचारलं होतं, "गुरजी, काय इचारलं ते कळलंच न्हाई तर?"

"तरी होय साहेब. फक्त आवाज मोठा पाहिजे."

तर पाठ सुरू झाला. बोटं बुडाली, फरशीवर ग उमटले, म उमटले, आणि दारातून आलेल्या उन्हात चकाकले. शिक्षणसाहेब बूट बाहेर काढून आत आले होते. त्यांचे मोजे भिजले तरी त्यांना भान नव्हतं.

"कळलं का रे सगळ्यांना?"

"होय साहेब!"

"असं लिहायला आवडतं?"

"होय साहेब!"

"वा, गुरुजी! हा पाठ जिल्हाभर दाखवला पाहिजे."

टंचाईचे साहेब चौकटीला टेकून उभे होते. बारीक अंगाचा, पिकल्या मिशांचा माणूस. त्यांचं अक्षरांकडं लक्ष नव्हतं. ते भिंतीशी मांडलेले तांबे बघत होते, आणि ओली फरशी. त्यांनी अगदी मायेनं विचारलं, "बाळांनो, हे पाणी घरून आणलं?"

"होय साहेब!"

"म्हणजे घरी पाणी आहे?"

"होय साहेब!"

"भरपूर आहे?"

"होय साहेब!"

हा शेवटचा होकार सगळ्यात दणदणीत निघाला. वरचे पत्रे वाजले. आणि त्या वेळी मी काय करून राहिलो होतो? मागं उभा राहून आवाजाला मनातल्या मनात मार्क देत होतो. प्रश्न माझ्या कानावर पडला, पण डोक्यात शिरला नाही. सूर छान लागला होता ना.

मग साहेब विहिरीकडं गेले. मी गेलो नाही. मी कौतुकाच्या धुंदीत वाट्या गोळा करत होतो.

काही दिवसांनी भर वर्गात मन्मथप्पा आले. त्यांचं किराणा दुकान होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं तोलूनमापून. एरवी शाळेत आले तर खुर्चीवर बसायचे. त्या दिवशी पोरांच्या रांगेत फरशीवरच टेकले.

"गुरजी, टँकर गेला."

"कुठं गेला?"

"म्होरल्या गावाला. आपल्या शिवंवरून भोंगा वाजवत गेला. डायवरला इचारलं तर म्हनतो, तुमचं नाव न्हाई यादीत."

"का पण? विहीर दाखवली ना?"

"दाखविली की. तळ दाखविला, तळातली बेडकं दाखविली. साहेब वाकून बगितले अन् म्हन्ले, सरपंच, उन्हाळ्यात समद्याच हिरी कोरड्या. मोठी मानसं काय बी सांगत्यात, पन लेकरं खोटं बोलत न्हाईत. शाळंच्या फरशा धुवाय पानी हाय तुमच्याकडं."

माझ्या डोक्यात आता कुठं तो तिसरा प्रश्न शिरला.

"गुरजी, तुमच्या ग म न नं आमचा टँकर पिला की हो," मन्मथप्पा म्हणाले. मला वाटलं, आता शिवी येईल. आली नाही. गुडघे दुखत होते म्हणून उठताना त्यांनी माझ्याच खांद्याचा आधार घेतला आणि दुकानाकडं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं तांबे घेऊन आली.

मी फर्मान मागं घ्यायचं विसरलो होतो. आणि गुरजीचा शब्द मोडायचा कसा, म्हणून घराघरातून पाणी निघालं होतं. तांब्यात पाणी अर्धंच होतं, आणि मातकट. मला वर्गात उभं राहवेना. मी सगळे तांबे पोरांच्या हाती परत पाठवले. थोड्या वेळानं चंद्रकला इंदूचं मनगट धरून आली. दुसऱ्या हातात तोच तांब्या.

"गुरजी, माज्या लेकराचं काय चुकलं?"

"काही नाही, ताई."

"मंग तिचं पानी कामून परत केलाव?"

"सगळ्यांचंच परत केलं."

"गढूळ हाय म्हनून का? उद्या निवळून देते. पन पोरीला शाळंतून काढू नका. तिला लिव्हाय येतंय, मी बगितलंय."

"पाणी नकोच, ताई. घरी ठेवा. प्या."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. आधी आणा म्हणणारा आणि आता नको म्हणणारा गुरुजी एकच आहे का, ते बहुतेक तपासत असावी. मग तांब्यावर पदर झाकून गेली. एक थेंबही तिनं सांडू दिला नाही.

माझ्या घागरीचं तर वेगळंच. गावात एकट्या राहणाऱ्या गुरुजीची पिण्याची घागर शेजारचं घर भरून देतं, अशी तिथली रीत. चंद्रकला माझी घागर त्याही दिवसांत भरून ठेवत राहिली. मी मन्मथप्पांना म्हणालो, "हे बंद करायला सांगा. मला कसंतरी होतं."

ते म्हणाले, "गुरजीला तान्हेलं ठिवलं म्हनून पंचक्रोशीत गावाचं नाव करता का? आदीच एक नाव केलाव."

ते पाणी मी प्यायलो. लाज वाटली तरी तहान लागतेच हो.

सय्यद गुरुजींना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "लातूरला जा. साहेबाला जे झालं ते सांग. रजा मी देतो."

"तुम्ही येता का सोबत?"

"मी कामून? पाठ तुझा, वाहवा तुझी."

लातूरचं ते ऑफिस बाजारात, एका आडत दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली तुरीची पोती, वर फायलींची पोती. एक क्लार्क रबरी शिक्क्यावरचं जुन्या जिल्ह्याचं नाव ब्लेडनं खरवडत बसला होता. जिन्यातच शिक्षणसाहेब भेटले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"बरं झालं आलात! तुमची शिफारस करून राहिलोय. इथं ट्रेनिंगला घेऊ तुम्हाला. बालवाडीच्या बायांना तुम्हीच शिकवा. पाठाची बातमी ऐकून गावही खूश असेल ना?"

माझ्या तोंडून काय निघालं असेल? "होय साहेब."

उरलेल्या पायऱ्या मी कशाबशा चढलो. टंचाईसाहेब फायलीत डोकं घालून बसले होते. मी गावाचं नाव सांगितल्यावर म्हणाले, "तुमच्याकडं पाणी आहे. मी स्वतः ऐकलं."

"साहेब, ती फरशी धुवायला मी पाणी गोळा केलं होतं. घराघरातून, पिण्याचं."

"आणि पोरं म्हणाली, घरी भरपूर आहे?"

"ते मी शिकवलेलं होतं."

"पाणी आहे म्हणायला शिकवलं?"

"नाही. काहीही विचारलं तरी होय साहेब म्हणायला शिकवलं."

त्यांनी चष्मा काढला. "काहीही?"

"काहीही."

"गुरुजी, टँकरसाठी लोक इथं येऊन रोज नाना सोंगं करतात. पण इतकी बावळट सबब कुणी दिली नाही." चष्मा पुसून परत घातला. "म्हणूनच खरी असेल. येऊन बघतो."

कधी येणार ते सांगितलं नाही. मी परत आलो तो नव्या पेचात. पोरांची सवय मोडावी, तर ते पुन्हा शिकवून ठेवल्यासारखं होणार. आता 'नाही साहेब' घोकून घेतलं तर तेही सोंगच. काय करावं ते कळेना, म्हणून काहीच केलं नाही.

आणि एका सकाळी जीप आली. साहेब एकटेच उतरले, थेट वर्गात. मागोमाग मन्मथप्पा, सय्यद गुरुजी आणि निम्मं गाव दाराशी जमलं. चंद्रकला कमरेवर रिकामी घागर घेऊन तिथंच उभी. फरशी कोरडी होती. साहेब पोरांसमोर मांडी घालून बसले.

"बाळांनो, घरी पाणी आहे का?"

"होय साहेब!"

दारात कुणीतरी "आई गं" म्हणालं. मन्मथप्पांनी डोळे मिटले.

"भरपूर?"

"होय साहेब!"

साहेबांनी वळून माझ्याकडं बघितलं. आता गाव उन्हाळाभर असंच राहणार आणि मी त्यांच्याच घागरीतलं पाणी पिणार, एवढंच मनात आलं. साहेब परत पोरांकडं वळले.

"आज सकाळी दोन सूर्य उगवले होते ना?"

"होय साहेब!"

"विहिरीत हत्ती पोहून राहिलाय म्हणे?"

"होय साहेब!"

"आणि तुमचे गुरुजी गाढव आहेत ना?"

"होय साहेब!"

याला आवाज सगळ्यात मोठा निघाला. दारात एकदम हशा फुटला. सय्यद गुरुजींना हसता हसता ठसका लागला. मन्मथप्पा भिंतीला धरून हसत होते. साहेब मात्र हसले नाहीत. उठून पँट झटकली आणि म्हणाले, "सरपंच, टँकर पाठवतो. उद्यापासून."

मीही हसल्यासारखं केलं. पण माझं लक्ष पोरांच्या तोंडाकडं होतं. त्यांना मोठी माणसं का हसतायत ते कळलं नव्हतं. पाठाच्या दिवशी होती तीच ऐट, तीच पुढं काढलेली छाती. सूर्य, हत्ती, गाढव, घरचं पाणी, त्यांना सगळं एकच. आणि मग माझ्या दुसरीच गोष्ट लक्षात आली. मी रोज वर्गात विचारायचो, कळलं का? ती रोज होय म्हणायची. त्या होयवर भरवसा ठेवून मी पुढचं अक्षर घ्यायचो.

टँकर आला. विहिरीत पाणी सोडायचे आणि बाया शेंदून घ्यायच्या. मी माझी घागर स्वतः घेऊन रांगेत उभा राहिलो. "बालवाडीच्या बाई, मधी घुसू नका, मागं व्हा," असं म्हणून मला शेवटी पाठवण्यात आलं. मी मुकाट्यानं गेलो.

वर्गात मी एकेका पोराला जवळ घेऊन अक्षरं विचारायला लागलो. ग म न ओळीनं विचारलं की सगळे पोपट. नुसता न पुढं ठेवला की इंदू अक्षराकडं बघायचीच नाही, माझ्या ओठांकडं बघायची. मी काय म्हणायच्या बेतात आहे ते ती वाचत होती. तिचं बोट न सुरेख काढायचं, पण तो न आहे हे तिला ठाऊक नव्हतं. आणि एकटी इंदूच तशी नव्हती. पोरांना अक्षरांची ओळ पाठ होती आणि बोटाला वळण पाठ होतं. दोन्हीची गाठ कुणी घालून दिली नव्हती. ते काम माझं होतं, आणि मी सूर लावत बसलो होतो. चंद्रकला मला विश्वासानं सांगून गेली होती, पोरीला लिहायला येतं म्हणून. गाढव म्हणवून घेण्यापेक्षा ते आठवलं की जास्त लागायचं.

पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. फरशीवर धूळ पसरून तीत बोट फिरवायचं. आणि त्याआधी रोज थोडा वेळ भलतेच प्रश्न.

"इंदू, माझं नाक पायाला आहे का?"

"होय सा..." ती थांबली. माझ्या पायाकडं बघितलं, नाकाकडं बघितलं, मग दाराकडं, मार बसणार असल्यासारखं. शेवटी अगदी हळू म्हणाली, "न्हाई."

हे एकदा जमल्यावर पोरांना त्याची गोडीच लागली. अक्षर शिकवून कळलं का विचारलं की आधी एक, मग चारपाच, मग अर्धा वर्ग म्हणायचा, "न्हाई कळलं, गुरजी." तेच अक्षर परत. पुन्हा न्हाई. परत. जे आधी दोन दिवसांत उरकायचं त्याला आठवडे लागायला लागले. सय्यद गुरुजींची पहिलीतली झोप गेली, आणि त्याबद्दल ते मला रोज बोलायचे.

पुढल्या वर्षी शिक्षणसाहेब इन्स्पेक्शनला आले. मोठ्या कौतुकानं पोरांपुढं बसले आणि विचारलं, "काय, कळतं का सगळं?"

"न्हाई साहेब," इंदू म्हणाली. "थोडं कळतंय, थोडं न्हाई."

साहेबांचा चेहरा उतरला. ट्रेनिंगची शिफारस तिथंच संपली. जाताना त्यांनी शेरा लिहिला: वर्ग मागे आहे, मुले प्रश्नांना नकारार्थी उत्तरे देतात, शिक्षकाने अधिक मेहनत घ्यावी.

मी खाली सही केली. शेऱ्यात चूक काहीच नव्हती. वर्ग आदल्या वर्षीही मागंच होता. या वर्षी तो किती मागं आहे, एवढं मला माहीत होतं.